झरियाची आग आणि तिच्यावरची वस्ती

झारखंडमधील धनबाद जिल्ह्यात, दामोदर नदीच्या खोऱ्यात, झरियाचे कोळसाक्षेत्र सुमारे साडेचारशे चौरस किलोमीटरांवर पसरले आहे. पोलादाच्या भट्ट्यांना लागणारा उत्तम प्रतीचा कोकिंग कोळसा भारतात जवळजवळ एवढ्या एकाच टापूत सापडतो. इथल्या भूगर्भातील आगीची पहिली नोंद १९१६ सालची आहे. तेव्हापासून आग एका खाणीतून दुसरीत सरकत राहिली आणि तिच्या डोक्यावर माणसे राहत, राबत, लग्नेकार्ये करीत आली. वर्तमानपत्रांना झरियाची आठवण होते ती बहुधा ‘धगधगती भूमी’ म्हणून, जणू तो निसर्गाचा चमत्कार असावा. प्रत्यक्षात या आगीमागे जमिनीचा कायदा, खाणपट्ट्यांची वाटणी, कोळशाचा बाजारभाव आणि स्वस्त मजूर या चार गोष्टी आहेत आणि त्यांचा इतिहास बऱ्यापैकी नोंदलेला आहे.

झरियाचा कोळसा पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच्या गोंडवन काळातला. भूवैज्ञानिक त्याच्या मुख्य थरांना खालून वर क्रमांक देतात. बराकर श्रेणीत असे अठरा प्रमुख थर आहेत. थर जाड आहेत, एकमेकांना जवळ आहेत आणि कित्येक ठिकाणी जमिनीच्या पृष्ठभागापर्यंत वर आलेले आहेत. खाणमालकाला याहून सोयीचे काही नव्हते. खोल चानक, म्हणजे उभी विहीर, न खणताही उतरणीचा बोगदा काढून कोळशाला हात घालता येई. आगीलाही तेच सोयीचे ठरले. दोन थरांमधला खडकाचा पापुद्रा पातळ असला की एका थराची आग दुसऱ्याला लागते आणि थर उथळ असला की तिला वरून हवा मिळते.

दामोदरच्या खोऱ्यातला कोळसा इंग्रजांच्या नजरेस अठराव्या शतकातच आला होता. शेजारच्या राणीगंज भागात १७७४ मध्ये खणतीला सुरुवात झाली. झरिया मात्र त्यानंतर सुमारे एकशेवीस वर्षे बाजूला पडून राहिले, कारण तिथून कोळसा बाहेर नेण्याची सोय नव्हती. १८९४-९५ च्या सुमारास ईस्ट इंडियन रेल्वेचा फाटा झरिया-कतरासपर्यंत आला आणि चित्र झपाट्याने बदलले. १९०६ पर्यंत झरियाचे उत्पादन राणीगंजच्या पुढे गेले. कलकत्त्याच्या युरोपीय मॅनेजिंग एजन्सी आल्या, त्यांच्याबरोबर कच्छमधले रेल्वे कंत्राटदार आले, मारवाडी आणि बंगाली भांडवलदार आले. कच्छी गुर्जर मिस्त्री समाजातले कंत्राटदार लोहमार्ग घालायला आले आणि खाणमालक होऊन राहिले. झरियातल्या भारतीय खाणमालकांच्या पहिल्या पिढीत त्यांचा वाटा मोठा होता. पुढे जमशेदपूरच्या कारखान्यासाठी टाटांनीही इथे स्वतःच्या खाणी घेतल्या.

बंगालच्या कायमधाऱ्यामुळे जमिनीवरचा हक्क जमीनदारांकडे होता. झरिया, कतरास, नवागढ इथल्या राजांनी भूगर्भातला कोळसाही आपलाच धरला आणि तो पट्ट्यांनी वाटला. राजाला सलामी आणि रॉयल्टी मिळण्याशी मतलब. पट्टा केवढा असावा, त्याच्या सीमा खालच्या थरांच्या ढाळाशी जुळतात की नाही, हे पाहण्याचे कारण कुणाला नव्हते. त्यामुळे शेकडो लहान-मोठ्या खाणी एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या. पट्टा लहान आणि त्याची मुदत ठरलेली, म्हणून मालकाचा हिशेब सरळ होता: जो कोळसा सहज निघतो तो आधी काढायचा, जो कष्टाने निघतो तो तसाच सोडायचा आणि भाव चढला की खांबही ओरबाडायचे. खाणव्यवसायात या पद्धतीला ‘स्लॉटर मायनिंग’, म्हणजे थराची कत्तल, असे उघड नाव होते.

हे खांब काय होते ते समजल्याशिवाय आगीचा उलगडा होत नाही. झरियात ‘बोर्ड अँड पिलर’ पद्धत चाले. थरात आडव्या-उभ्या गल्ल्या पाडायच्या आणि त्यांच्यामध्ये कोळशाचेच चौकोनी खांब छत पेलायला ठेवायचे. सुरक्षित खाणीत खांब जाड असतात आणि शेवटी ते काढायचे झाले तर रिकाम्या जागेत दामोदरची वाळू पाण्याच्या जोराने भरतात. या भरणीला ‘स्टोइंग’ म्हणतात. वाळूला पैसा लागतो, नळ लागतात, पाणी लागते. झरियातल्या बहुतेक मालकांनी तो खर्च टाळला. खांब बारीक केले, गल्ल्या उंच नि रुंद केल्या आणि खाण संपल्यावर तोंड उघडे टाकून ते पुढच्या पट्ट्याकडे वळले.

अशा सोडलेल्या खाणीत आग लावायला कुणी काडी ओढावी लागत नाही. कोळसा हवेतला प्राणवायू शोषतो आणि शोषताना तापतो. वारा खेळता असेल तर ती उष्णता निघून जाते. हवा अजिबात नसेल तर क्रियाच थांबते. चिरडलेल्या खांबांच्या चुऱ्यात मात्र हवा झिरपते खरी, पण उष्णता वाहून नेण्याइतकी वाहत नाही. शेणखताचा ढीग आतून तापतो तसा हा चुरा तापत जातो आणि एका टप्प्यानंतर पेट घेतो. मग वरचे छत कोसळते, जमिनीला भेगा पडतात, भेगांतून अधिक हवा आत जाते आणि आग पुढे सरकते. कधी कधी बाहेरूनही ठिणगी पडली: खाणीच्या तोंडाशी जाळलेला कचरा, जुन्या गल्लीत लावलेली हातभट्टी, कोळसामिश्रित मातीचे पेटलेले ढीग. सरकारी कागदांत हातभट्टीचा उल्लेख जरा जास्तच आवर्जून येतो. उघडी टाकलेली गल्ली मुळात कुणी उघडी टाकली, हा प्रश्न त्यामुळे मागे पडतो.

१९१६ ची नोंद भौंरा खाणीतली आहे. पुढच्या दोन दशकांत आगी वाढल्या, जमीन खचण्याचे प्रकार वाढले आणि समित्याही वाढल्या. १९१९ मध्ये ट्रेहार्न रीस या तज्ज्ञाने भारतीय खाणींतल्या नासाडीवर अहवाल दिला. १९३७ च्या बरोज समितीने वाळूभरणी सक्तीची करण्याची निकड मांडली आणि त्यातून १९३९ चा कोळसाखाण सुरक्षा (स्टोइंग) कायदा झाला. कोळशावर उपकर बसवून भरणीला मदत देण्याची सोय झाली. याच काळात झरियाचा अमूल्य कोकिंग कोळसा रेल्वेच्या इंजिनांत सर्रास जाळला जात होता. १९४६ च्या कोळसाक्षेत्र समितीनेही या उधळपट्टीवर बोट ठेवले. धनबादला खाण खात्याचे मुख्यालय होते, १९२६ पासून ‘इंडियन स्कूल ऑफ माइन्स’ होते. आग कशामुळे लागते हे न कळण्याचा प्रश्नच नव्हता. कळूनही खर्च कुणी करायचा, एवढाच प्रश्न होता.

खाणीत उतरणारे सुरुवातीचे मजूर आसपासचेच: संथाळ, बाउरी, भुइया आणि इतर भूमिहीन जाती. पुढे छत्तीसगडचे बिलासपुरी आले, संयुक्त प्रांतातून गोरखपुरी आले. कोळसा तोडणारा तो ‘मलकट्टा’ आणि तोडलेला कोळसा टोपलीने टबात भरणारी ती ‘कामिन’. बहुधा दोघे नवरा-बायको असत. मजुरी टबावर मिळे, म्हणजे घरातल्या दोन किंवा तीन माणसांच्या कामाची मोजणी एकाच टबाने होई. टब कमी भरला, त्यात दगड आला अशी कारणे काढून मुंशी मजुरी कापत असे. मजूर आणण्याचे काम ‘सरदारा’कडे असे. तो गावातून माणसे आणी, त्यांना उचल देई, त्यांच्या मजुरीतून आपला वाटा घेई आणि तेच कर्जाचे जोखड त्यांना खाणीला बांधून ठेवी. भाताच्या लावणीला आणि कापणीला मात्र मजूर गावी निघून जात, आणि त्या महिन्यांत उत्पादन घसरले की ‘भारतीय मजूर आळशी आहे’ असे शेरे मालक लिहीत. शेतीच्या दोन हंगामांवर वर्ष बेतणाऱ्या माणसाला आळशी म्हणणे सोपे होते. त्याला बारा महिने खाणीत टिकेल एवढी मजुरी देणे सोपे नव्हते.

राहायला ‘धौडा’ असे. धौडा म्हणजे एका रांगेतल्या, पाठीला पाठ लावलेल्या, एकेका खोलीच्या चाळी. खिडकी नाही, पुढे अरुंद ओटा, आणि चूल बाहेर कोळशाच्या धुरात. मालकाची जमीन जेवढी, तेवढ्यातच धौडे बांधले जात आणि ती जमीन बहुधा खणलेल्या थरांच्या थेट वर असे. आज आगीच्या पट्ट्यात सापडलेल्या कितीतरी वस्त्यांचे मूळ या धौड्यांत आहे. पाणी हा दुसरा मोठा प्रश्न होता. खाणी खोल गेल्या तशा विहिरी आटल्या, साथी पसरल्या. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात झरियासाठी स्वतंत्र आरोग्य मंडळ आणि पाणीपुरवठा मंडळ स्थापन झाले. तोपचांचीचा जलाशय त्यातून उभा राहिला.

मजुरांच्या संघटनेचा इतिहास इथे मुंबईशी जोडला जातो. ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अधिवेशन १९२० मध्ये मुंबईत झाले आणि दुसरे १९२१ च्या अखेरीस थेट झरियात. अध्यक्ष होते जोसेफ ऊर्फ काका बाप्टिस्टा, माझगावच्या माथारपाखाडीचे, टिळकांचे होमरूल चळवळीतले सहकारी. कोळसाक्षेत्राच्या मधोमध देशभरचे कामगार पुढारी जमणार म्हटल्यावर खाणमालक हादरले आणि त्यांनी सरकारकडे बंदोबस्त मागितला. अधिवेशनाला मजुरांची प्रचंड गर्दी लोटली. स्वामी विश्वानंद यांच्यासारखे स्थानिक कार्यकर्ते त्यामागे होते. पक्की संघटना लगेच उभी राहिली नाही, कारण सरदाराच्या कर्जात अडकलेला आणि धौड्यातून केव्हाही हुसकला जाऊ शकणारा मजूर संप किती दिवस चालवणार? पण मजुरी आणि कामाचे तास हा आता सार्वजनिक चर्चेचा विषय झाला होता.

१९२३ च्या खाण कायद्याने तेरा वर्षांखालील मुलांना खाणीत नेण्यास बंदी केली. स्त्रियांचा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा होता. कामगार पुढारी ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती विधिमंडळात त्यांना भूगर्भातील कामातून सोडवण्याचा आग्रह धरला. मालकांचा विरोध अपेक्षितच होता, पण मजूर कुटुंबांनाही ते सोपे नव्हते. कामिन वर राहिली की टब भरायला दुसरा माणूस लागे आणि घरातली निम्मी मिळकत जाई. १९२९ च्या नियमांनी दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने स्त्रियांची संख्या कमी करण्याचे ठरले आणि प्रत्यक्षात १९३७ मध्येच पूर्ण बंदी आली. पर्यायी काम मात्र कुणी शोधून दिले नाही.

दुसऱ्या महायुद्धात हे सगळे पुन्हा उलटले. विमानतळ आणि लष्करी बांधकामांवर जास्त मजुरी मिळू लागल्याने माणसे खाणी सोडून गेली, कोळसा तुटू लागला आणि १९४३ मध्ये सरकारने स्त्रियांवरील बंदी उठवली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात त्या वेळी मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. १९४३ च्या डिसेंबरात ते धनबादला गेले, स्वतः खाणीत उतरले, मजुरांच्या खोल्या पाहिल्या. फेब्रुवारी १९४४ मध्ये विधिमंडळात या प्रश्नावर सरकारवर टीका झाली, तेव्हा त्यांना बंदी उठवण्याचे समर्थन करावे लागले. कोळशाची निकड हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. स्त्रियांना पुरुषांइतकीच मजुरी देण्याचे तत्त्व इथे मान्य केले आहे, हेही त्यांनी आवर्जून सांगितले. मजुरांच्या कैवाऱ्याने असा निर्णय घ्यावा, ही त्या काळातली कोंडी होती आणि ती झाकण्याचे कारण नाही. त्याच वर्षीच्या जानेवारीत कोळशावर उपकर बसवून कोळसाखाण मजूर कल्याण निधी सुरू झाला होता. घरे, दवाखाने, हिवतापाचे निर्मूलन यांसाठी सरकारने कायमचा पैसा बाजूला काढण्याची ही खाणक्षेत्रातली पहिली मोठी सोय. १९४६ च्या फेब्रुवारीत स्त्रियांवरची बंदी परत लागू झाली आणि ती २०१९ पर्यंत टिकली.

स्वातंत्र्यानंतर पोलाद कारखाने वाढले, कोळशाची मागणी वाढली, पण खासगी मालकीच्या खाणींचा कारभार जुन्याच वळणाने चालू राहिला. अपघातही. धनबादजवळच्या ढोरी खाणीत मे १९६५ मध्ये स्फोट होऊन २६८ माणसे दगावली. वाळू भरल्याचे कागदावर दाखवायचे, अनुदान घ्यायचे आणि गल्ली रिकामी ठेवायची, असे प्रकार सर्वांना ठाऊक होते.

ऑक्टोबर १९७१ मध्ये सरकारने कोकिंग कोळशाच्या खाणींचा कारभार ताब्यात घेतला आणि १ मे १९७२ पासून त्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. टाटा आणि इस्को या पोलाद कंपन्यांच्या स्वतःच्या खाणी वगळून २१४ खाणी ‘भारत कोकिंग कोल लिमिटेड’ या नव्या कंपनीकडे आल्या. त्यांच्याबरोबर ७० आगी आल्या, पृष्ठभागावर १७.३२ चौरस किलोमीटर क्षेत्र व्यापलेल्या. पुढे आणखी सात सापडल्या. तोपर्यंत सुमारे ३ कोटी ७० लाख टन कोळसा जळून गेल्याचा अंदाज केला जातो. आगीमुळे हात लावता न येणारा साठा त्याच्या कित्येक पट आहे.

राष्ट्रीयीकरणाने कायम मजुराला पगार, भविष्यनिर्वाह निधी, दवाखाना, मुलांना शाळा दिली. सरदाराची उचल संपली. पण ताबा बदलण्याच्या धामधुमीत हजेरीपटांवर मोठी खाडाखोड झाली. वर्षानुवर्षे खाली उतरणाऱ्या बाउरी, संथाळ आणि इतर मजुरांच्या जागी लठैतांची, म्हणजे लाठीवाल्या गुंडांची, आणि कंत्राटदारांच्या नात्यागोत्यातल्यांची नावे चढली. सही न करता येणाऱ्या माणसाला आपले नाव कागदावरून गेल्याचे पगाराच्या दिवशी कळे. अरुणकुमार राय हे अभियंते नोकरी सोडून मजूर संघटनेत आले आणि पुढे तीनदा धनबादचे खासदार झाले. त्यांच्या राजकारणाला जोर आला तो या विस्थापित मजुरांच्या रागातून. शिबू सोरेन आणि बिनोद बिहारी महातो यांच्या साथीने त्यातूनच झारखंड मुक्ती मोर्चा उभा राहिला. दुसरीकडे संघटना, कंत्राट आणि सावकारी यांची गाठ बांधणारी दादागिरीही याच काळात फोफावली. सिनेमाने ती पुरेशी रंगवली आहे.

स्त्रियांचे काय झाले, हे सहसा सांगितले जात नाही. कंपनीने कामिनींसाठी स्वेच्छानिवृत्तीची खास योजना आणली: स्त्रीने नोकरी सोडायची आणि तिच्या जागी मुलाला घ्यायचे. घरचा आग्रहही तोच असे. एका पिढीत खाणीतल्या हजारो कायम नोकऱ्या आयांकडून मुलांकडे गेल्या. पुढे एकूण नोकऱ्याही आटल्या. राष्ट्रीयीकरणानंतर दीड लाखावर असलेले मनुष्यबळ आता चाळीस हजारांच्या आत आले आहे.

याचे मोठे कारण म्हणजे उघड्या खाणी. भूगर्भात उतरण्याऐवजी वरची माती-खडक यंत्रांनी उपसून कोळसा काढणे स्वस्त पडते आणि वेगाने होते. आग विझवण्याचा उपायही हाच सांगितला गेला: जळता कोळसा खणूनच काढा. तंत्र म्हणून यात तथ्य आहे. वाळू भरणे, भिंती घालून गल्ल्या बंद करणे, मातीचे आवरण देणे, नायट्रोजन सोडणे, चर खणून आगीची वाट तोडणे हे सगळे करून झाले होते. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९० च्या दशकात मोठा अभ्यासही झाला. पण उघड्या खाणीची कड जुन्या गल्ल्यांना छेदते तेव्हा इतकी वर्षे कोंडलेल्या कोळशाला एकदम भरपूर हवा मिळते. अर्धवट खणून सोडलेली उघडी खाण आगीला नवी तोंडे देते. शिवाय आग विझवण्यासाठी खणणे आणि कोळशासाठी खणणे यांतला फरक वस्तीतल्या माणसाला दिसत नाही. त्याला दिसते ती घराच्या दिशेने सरकत येणारी कड आणि रोजचे सुरुंग.

लोदना, घनुडीह, बोकापहाडी, लिलोरीपथरा, कुजामा, केंदुआडीह, बस्ताकोला ही त्या वस्त्यांची नावे. इथली फरशी तापते. उन्हाळ्यात अनवाणी पाय ठेवता येत नाही. भिंतींना तडे जातात, ते मातीने लिंपले जातात आणि पुन्हा जातात. भेगांच्या तोंडाशी गंधकाचा पिवळा थर जमतो. दिवसा धूर दिसतो, रात्री फटीतून लाल उजेड. पावसाळा सर्वांत वाईट, कारण भेगांत पाणी शिरून वाफेचे लोट उठतात, माती भिजून जड होते आणि पोकळीवरचे छत बसते. जमिनीत अचानक पडणाऱ्या खड्ड्याला धनबादकडे ‘गोफ’ म्हणतात. मे २०१७ मध्ये झरियातल्या इंदिरा चौकात भर रस्त्यालगत असा गोफ पडून एक बाप आणि त्याचा मुलगा आत गेले. थंडीत धूर खाली बसतो. कार्बन मोनॉक्साइड आणि गंधकाच्या वायूंनी खोकला, दमा, डोळ्यांची जळजळ हे घरोघरचे दुखणे झाले आहे.

आगीपेक्षा पाण्याने जास्त माणसे मारली, हेही नोंदले पाहिजे. २७ डिसेंबर १९७५ रोजी चासनाला खाणीत शेजारच्या जुन्या गल्ल्यांतले पाणी घुसले आणि ३७५ मजूर बुडाले. सप्टेंबर १९९५ मध्ये कतरासजवळच्या गजलीटांड खाणीत नदीचे पाणी शिरून ६४ जण गेले. २००१ मध्ये बागडिगीत २९. कारण प्रत्येक वेळी जवळपास एकच: जुन्या पोकळ्या, त्यांचे चुकीचे किंवा अपुरे नकाशे आणि त्यांच्या पोटातून चाललेले नवे काम.

कायम नोकरी आटल्यावर वस्तीत उरलेले काम म्हणजे कोळसा वेचणे. पहाटे उघड्या खाणीच्या कडेने बाया-मुले उतरतात, टोपल्या भरून वर येतात. सुरक्षा दलाचे जवान आले की पळतात. कायद्याने ही चोरी आहे. वेचलेला कोळसा उघड्यावर ढीग करून अर्धवट जाळला की त्याचा ‘पोडा’ होतो, म्हणजे चुलीत धूर न करणारा घरगुती कोक. मग तो पोत्यांत भरून सायकलवर लादायचा. एका सायकलवर दोनशे-अडीचशे किलो कोळसा असतो. ती चालवता येत नाही, ढकलावीच लागते, चढावर दोघांनी. बोगद्याची कड किंवा ‘चाल’, म्हणजे छत, कोसळून वेचणारे गाडले जातात तेव्हा बहुतेकदा प्रेते गुपचूप हलवली जातात, कारण तक्रार केली तर चोरीचा गुन्हा आधी नोंदला जाईल. अधिकृत अपघातांच्या तक्त्यात ही माणसे नसतात. त्यामुळे खाणींतल्या सुरक्षिततेचे आकडे सुधारलेले दिसतात त्यांकडे थोडे सावधपणे पाहावे लागते.

या जगाचे उत्तम चित्रण साहित्यात झाले आहे. झरियाचेच इलियास अहमद गद्दी यांच्या ‘फायर एरिया’ या उर्दू कादंबरीला १९९६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. हिंदीत संजीव यांची ‘सावधान! नीचे आग है’ त्याआधीची.

पुनर्वसनाचा प्रश्न न्यायालयात गेला तो शेजारच्या राणीगंज-आसनसोल भागातून. माजी खासदार हराधन राय यांनी १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. त्यानंतर बृहत् आराखड्याचे मसुदे झाले, बदलले, आणि ऑगस्ट २००९ मध्ये केंद्र सरकारने झरियासाठी ७,११२ कोटी रुपयांच्या आराखड्याला मंजुरी दिली. ५९५ ठिकाणे, ५४ हजारांहून अधिक कुटुंबे, मुदत बारा वर्षे. झरियापासून काही किलोमीटरांवर बेलगढिया इथे चारमजली इमारतींची वसाहत उभी राहिली. घरे मिळाली, पण एकेका कुटुंबाला २७ चौरस मीटरची. सर्वांत मोठी अडचण मात्र कामाची होती. वेचलेला कोळसा, सायकल, हमाली, झरियाच्या बाजारातली धुणीभांडी हे सगळे रोजगार जुन्या वस्तीला लागून होते. कित्येक कुटुंबांनी घराला कुलूप लावून पुन्हा आगीवरची खोली गाठली. या लोकांना ‘हटवादी’ म्हणण्याची सरकारी कागदांत प्रथा आहे. ती बदलायला हवी. जळत्या जमिनीवर पोट भरते आणि सुरक्षित जमिनीवर भरत नाही, एवढा साधा व्यवहार त्यामागे होता.

मुदत २०२१ मध्ये संपली तेव्हा उद्दिष्टाचा थोडाच भाग पूर्ण झाला होता आणि नव्या पाहणीत बाधित कुटुंबांची संख्या एक लाखावर गेली होती. त्यांतली फार मोठी संख्या कागदावर हक्क नसलेल्यांची, म्हणजे जुन्या धौड्यांत आणि त्यांच्याभोवती पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांची. दरम्यान शहराचे इतर अवयवही हलत होते. १५ जून २०१७ रोजी धनबाद-चंद्रपुरा हा चौतीस किलोमीटरचा लोहमार्ग आगीच्या भीतीने बंद झाला आणि लोकांच्या रेट्यामुळे २०१९ मध्ये पुन्हा सुरू झाला. झरियाचे राजा शिवप्रसाद महाविद्यालय मात्र कायमचे बेलगढियाला गेले. उपग्रह-पाहणीनुसार आगीचे पृष्ठभागावरचे क्षेत्र आता १.८ चौरस किलोमीटरवर आणि ठिकाणे ७७ वरून २७ वर आली आहेत. ही घट खरी आहे. मात्र त्यात जळता थर खणून संपवल्याचाही वाटा आहे आणि त्याच खणतीत काही वस्त्याही नाहीशा झाल्या.

खणलेल्या पोकळीवर वसलेली गावे महाराष्ट्रातही आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्गुस इथे ऑगस्ट २०२२ मध्ये एक घर पाहता पाहता जमिनीत गडप झाले, तेव्हा तिथल्या जुन्या भूगर्भातील खाणीची चर्चा सुरू झाली. घरातली माणसे वेळेत बाहेर पडल्याने वाचली.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ जून २०२५ रोजी झरियाच्या सुधारित आराखड्याला ५,९४० कोटी रुपयांची मंजुरी दिली. त्यात कागदावर हक्क असलेल्या आणि नसलेल्या दोन्ही प्रकारच्या कुटुंबांना एक लाख रुपयांचे उपजीविका अनुदान आणि तीन लाखांपर्यंतच्या कर्जाची सोय आहे. पुनर्वसनाच्या हिशेबात घराबरोबर रोजगाराला ठरावीक रक्कम मिळण्याची तरतूद आगीच्या पहिल्या नोंदीनंतर १०९ वर्षांनी झाली.